धर्म सोडला की सुटला? तरुण पिढी धर्मापासून दूर का जाते आहे

इंग्लंड आणि वेल्सच्या जनगणनेत २००१ पासून धर्माचा प्रश्न विचारला जातो. उत्तर देण्याची सक्ती नाही. पर्यायांच्या यादीत सगळ्यात वर ‘कोणताही धर्म नाही’ अशी चौकट असते. २००१ मध्ये १४.८ टक्के लोकांनी त्या चौकटीत खूण केली. २०११ मध्ये २५.२ टक्के आणि २०२१ मध्ये ३७.२ टक्के. याच वीस वर्षांत स्वतःला ख्रिश्चन म्हणवणारे ७१.७ टक्क्यांवरून ४६.२ टक्क्यांवर आले.

या आकड्यांपेक्षा मला वयाचा आकडा जास्त बोलका वाटतो. २०२१ मध्ये ख्रिश्चन म्हणवणाऱ्या सगळ्यांना वयाप्रमाणे रांगेत उभं केलं, तर बरोबर मधोमध उभा राहणारा माणूस ५१ वर्षांचा निघतो. ‘कोणताही धर्म नाही’ म्हणणाऱ्यांच्या रांगेत तोच माणूस ३२ वर्षांचा असतो. मुस्लिमांच्या रांगेत तो २७ वर्षांचा, म्हणजे ‘तरुण म्हणून धर्म नको’ असा सरळ नियम लावता येत नाही. पण दोन रांगांमधलं १९ वर्षांचं अंतर कशानं पडलं, हा प्रश्न उरतोच.

त्याची दोन ठरलेली उत्तरं आपण सगळ्यांनी ऐकली आहेत. पहिलं असं की मुलं शिकली, त्यांना विज्ञान कळलं, म्हणून त्यांनी धर्म सोडला. दुसरं असं की मुलं चंगळवादी झाली, मोबाइलच्या नादी लागली, म्हणून त्यांनी धर्म सोडला. एकात कौतुक आहे, दुसऱ्यात तक्रार. दोघांनीही एक गोष्ट न तपासता धरून चाललंय: मुलांनी धर्म *सोडला*.

मराठीत सोडणं वेगळं आणि सुटणं वेगळं. जत्रेच्या गर्दीत आईचा हात सोडून पळणारं मूल आणि गर्दीच्या रेट्यात हात सुटलेलं मूल, दोघंही शेवटी एकटीच दिसतात. पण काय झालं हे कळायचं असेल तर दोन्हींत फरक करावा लागतो. या विषयावरचं संशोधन वाचत गेलो तसतसं माझं मत पक्कं होत गेलं की बहुतेक तरुणांच्या बाबतीत धर्म सुटलेला आहे. विचार करून, वाद घालून, ठरवून सोडणारे आहेत, आणि त्यांचा आवाज मोठा असतो. संख्येनं ते थोडे आहेत.

‘धार्मिक नाही’ म्हणजे नक्की काय?

धार्मिकता ही एकच वस्तू नाही. माणूस प्रार्थनास्थळी जातो का, नेमानं प्रार्थना करतो का, हे झालं आचरण. धर्म त्याला आयुष्यात किती महत्त्वाचा वाटतो, हे दुसरं. आणि ‘तुमचा धर्म कोणता’ असं विचारल्यावर तो काय सांगतो, ही झाली ओळख. या तिन्ही गोष्टी एकदम जात नाहीत.

यॉर्ग श्टोल्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२५ मध्ये शंभराहून अधिक देशांची आकडेवारी तपासून एक क्रम मांडला. पिढ्यांगणिक आधी सामुदायिक आचरण कमी होतं. मग धर्माचं महत्त्व उतरतं. ओळख सगळ्यात शेवटी जाते. काही देश अजून पहिल्या पायरीवर आहेत, काही मधल्या, आणि पश्चिम युरोपातले बरेच देश तिसऱ्या. म्हणून एखाद्या देशात ९५ टक्के लोक धर्माचं नाव सांगत असले, तरी तिथं काही हललंच नाही असं म्हणता येत नाही. नाव टिकतं, कारण नाव टिकवायला काही करावं लागत नाही.

उलट बाजूही पाहायला हवी. ‘धर्म नाही’ म्हणणारा नास्तिकच असतो असं नाही. प्यू रिसर्च सेंटर या लोकमताच्या पाहण्या करणाऱ्या संस्थेनं २०२३-२४ मध्ये अमेरिकेत केलेल्या मोठ्या पाहणीत २९ टक्के प्रौढांनी आपण कोणत्याच धर्माचे नाही असं सांगितलं. त्यात स्वतःला नास्तिक म्हणणारे एकूण लोकसंख्येच्या फक्त ५ टक्के होते आणि अज्ञेयवादी, म्हणजे ‘देव आहे की नाही ते कळू शकत नाही’ असं मानणारे, ६ टक्के. उरलेल्यांचं उत्तर होतं, ‘विशेष असं काही नाही’. यांतले कित्येक देव किंवा कसली तरी शक्ती मानतात. त्यांचं कुणाशी भांडण नाही. जणू त्यांना पत्ता विचारला आणि त्यांनी ‘सध्या कुठंच राहत नाही’ असं सांगितलं.

‘वय झालं की वळतील’

घरातली मोठी माणसं हे नेहमी म्हणतात, आणि ते अगदीच चुकीचं नाही. विशीत माणूस घरापासून दूर असतो, मरण लांब असतं, जबाबदारी कमी असते. लग्न झालं, मूल झालं, आईवडील थकले, की माणूस परत धर्माकडे वळतो असा पूर्वीचा अनुभव होता. याला अभ्यासक वयाचा परिणाम म्हणतात.

दुसरा असतो काळाचा परिणाम. युद्ध, साथ किंवा मोठा घोटाळा झाला की सगळ्या वयाची माणसं एकदम थोडी इकडे किंवा तिकडे सरकतात. आणि तिसरा पिढीचा परिणाम. एका विशिष्ट काळात वाढलेली माणसं त्या काळाचा ठसा जन्मभर घेऊन चालतात. विशीत ती जशी होती, साधारण तशीच सत्तरीत राहतात.

पाश्चात्त्य देशांच्या कित्येक दशकांच्या पाहण्या शेजारी शेजारी ठेवल्या की यातला तिसरा परिणाम सगळ्यात ठळक दिसतो. ब्रिटनमध्ये डेव्हिड वोआस आणि अलास्डेर क्रॉकेट यांनी २००५ मध्ये हे तपासलं. प्रत्येक पिढी आधीच्या पिढीपेक्षा कमी धार्मिक निघाली, आणि वय वाढलं म्हणून ती फारशी वर चढली नाही.

हे कसं घडतं त्याचा एक छोटा हिशोब करून बघा. समजा एका गावात एक हजार प्रौढ माणसं आहेत. दहा वर्षांत त्यांतली १५० म्हातारी माणसं वारली. त्यांपैकी १२० रोज प्रार्थना करणारी होती. त्याच दहा वर्षांत १५० मुलं वयात आली, त्यांपैकी ५० रोज प्रार्थना करतात. गावातल्या एकाही माणसानं आपलं मत बदललं नाही, कुणी धर्माविरुद्ध एक शब्द काढला नाही, तरी रोज प्रार्थना करणारे ७० नं घटले. असं चार-पाच दशकं चाललं की गाव ओळखू येत नाही, आणि बदल कोणत्या दिवशी झाला ते कुणालाच सांगता येत नाही.

‘वय झालं की वळतील’ यातला ‘वळण्याचा’ रस्ताही आता लांबला आहे. लग्न उशिरा होतं, मूल उशिरा होतं, कित्येकांना होतच नाही. पूर्वी विशीतली पाच-सात वर्षं सैल जायची. आता ती पंधरा-वीस होतात. इतक्या वर्षांत माणसाला सवयी लागतात, आणि त्या सवयींमध्ये धर्म नसतो. मूल झाल्यावर परत जायचं, तर जाऊन काय करायचं हेही आठवत नाही.

घरात काय घडतं

मला या विषयात सगळ्यात जास्त इथं थांबावंसं वाटतं.

माझ्या आजीची एक वही होती. तिनं स्वतःच्या हातानं उतरवून घेतलेल्या प्रार्थना. पानांचे कोपरे बोटांनी काळे पडलेले, मधल्या दोन पानांवर तेलाचा डाग. ती रोज पहाटे ती वही समोर घेऊन बसायची, पण वाचायची नाही, तिला सगळं पाठ होतं. माझ्या आईला त्यातलं निम्मं पाठ आहे आणि ती ठरावीक दिवशीच वही काढते. मला दोन प्रार्थना येतात, तिसरी सुरू करून देता येते. माझ्या मुलीला एवढं माहीत आहे की अशी एक वही कपाटात आहे. आमच्यापैकी कुणीही त्या वहीला कधी नाही म्हटलेलं नाही. मी कधी आईशी देवावरून वाद घातला नाही. वही नुसती एकेक पायरी खाली उतरत गेली.

वोआस आणि क्रॉकेट यांच्या आकड्यांत हीच वही दिसते. ब्रिटनमध्ये आई आणि वडील दोघंही धार्मिक असतील, तर मूल धार्मिक निघण्याची शक्यता साधारण निम्मी. दोघांपैकी एकच धार्मिक असेल, तर त्याच्याही निम्मी. दोघंही नसतील, तर मूल धार्मिक निघणं जवळजवळ नाहीच. म्हणजे धर्म नसणं हे वारशानं पुरतं उतरतं, धर्म असणं मात्र अर्धंच उतरतं. ऐंशी माणसांचे चाळीस, चाळिसांचे वीस. कुणी काही वाईट केलं नाही तरीही.

असं का व्हावं? मानववंशशास्त्रज्ञ जोसेफ हेन्रिक यांनी २००९ मध्ये एक विचार मांडला, तो मला फार पटतो. ‘देव आहे’ किंवा ‘नदीपलीकडे वाघ आहे’ असं कुणीही म्हणू शकतं. बोलायला काही लागत नाही. म्हणून मूल बोलण्यापेक्षा कृतीकडे बघतं, आणि तीही अशा कृतीकडे, जी मनापासून मानत नसलेला माणूस करणार नाही. झोपमोड करून उठणं, उपाशी राहणं, स्वतःला परवडत नसताना देणं, लोक हसत असतानाही नेम न मोडणं. अशी महागडी कृती रोज डोळ्यांसमोर घडली, तर मुलाला खात्री पटते की हे मोठं माणूस खरंच मानतं. कृती नसेल, नुसता उपदेश असेल, तर ऐकलेल्या गोष्टीची श्रद्धा होत नाही. पुढच्या पाहण्यांतही असंच दिसलं की लहानपणी अशी कृती ज्यांनी जास्त पाहिली, ते मोठेपणी श्रद्धावान राहण्याची शक्यता जास्त असते.

आता हे उलटं करून बघा. ज्या आईवडिलांची स्वतःची श्रद्धा पातळ झाली आहे, पण ‘मुलांवर संस्कार हवेत’ असं वाटतं, ते काय करतात? मुलाला शिकवणीला पाठवतात तसं धार्मिक वर्गाला पाठवतात, आणि स्वतः दाराशी गाडीत बसून राहतात. आठ वर्षांचं पोर विचारतं, ‘आपण हे का करतो?’ उत्तर येतं, ‘असंच असतं, करायचं असतं.’ मूल पुढे काही विचारत नाही. त्याला उत्तर मिळालेलं असतं.

अमेरिकेत पीआरआरआय या संस्थेनं २०१६ मध्ये केलेल्या पाहणीत, १८ ते २९ वयाच्या ज्या तरुणांचा धर्म सुटला होता, त्यांपैकी ७९ टक्क्यांनी सांगितलं की तो शाळेच्या वयातच, अठरा पूर्ण होण्याआधी, सुटला. कॉलेजात गेला आणि बिघडला, हे म्हणणं या आकड्यापुढे टिकत नाही. मूल कॉलेजच्या दारात पोचतं तेव्हा बऱ्याचदा काम झालेलं असतं.

आणखी एक अभ्यास सांगायलाच हवा. व्हर्न बेंगट्सन यांनी १९७० पासून दक्षिण कॅलिफोर्नियात साडेतीनशेहून अधिक कुटुंबांचा पिढ्यान्‌पिढ्या मागोवा घेतला. २०१३ मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडले. ज्या घरात मुलांना आईवडिलांची माया जाणवत होती, तिथं श्रद्धा जास्त टिकली, आणि त्यातही वडिलांच्या जवळिकीनं मोठा फरक पडला. वडील कितीही कट्टर धार्मिक असले, पण मुलांशी कोरडे असले, तर मुलं त्यांच्यासारखी निघण्याची शक्यता कमी होती. मला हे वाचून थोडा वेळ पुढे वाचवलं नाही. धाक दाखवून श्रद्धा टिकवायचा प्रयत्न करणाऱ्या कित्येक वडिलांचे चेहरे समोर आले.

पालकपणाची कल्पनाही बदलली आहे. अमेरिकेतल्या मन्सी या शहरात लिंड या समाजशास्त्रज्ञ दांपत्यानं १९२४ मध्ये आयांना विचारलं होतं की मुलांमध्ये कोणते गुण यावेत असं वाटतं. जवळपास निम्म्या आयांनी चर्चवरची निष्ठा आणि कडक आज्ञाधारकपणा सांगितला. १९७८ मध्ये तिथंच तोच प्रश्न विचारला, तेव्हा हे दोन्ही गुण सांगणाऱ्या पाचात एक एवढ्याच उरल्या, आणि मुलानं स्वतंत्र विचार करावा असं म्हणणाऱ्या एक चतुर्थांशावरून तीन चतुर्थांशांवर गेल्या. मुलांना स्वतःचं स्वतः ठरवायला आपणच शिकवलं, आणि धर्म ही ‘घरातून आपोआप आलेली’ गोष्ट त्या शिकवणीत बसत नव्हती.

घराबाहेर काय बदललं

घर हवेत तरंगत नसतं. आजीची श्रद्धा तिच्या आयुष्याच्या असुरक्षिततेशीही बांधलेली होती. बाळंतपणात बाई वाचेल की नाही, पाऊस पडेल की नाही, साथ आली तर घरातलं कोण उरेल, यातलं काहीच हातात नव्हतं. पिप्पा नॉरिस आणि रोनाल्ड इंगलहार्ट यांनी २००४ मध्ये मांडलेला मुद्दा थोडक्यात असा: जिथं जगण्याची शाश्वती वाढते, म्हणजे दवाखाना, पेन्शन, विमा, पोलीस आणि पोटभर अन्न भरवशाचं होतं, तिथं धर्माची तातडीची गरज हळूहळू कमी होते. माणूस अशा सुरक्षिततेत लहानाचा मोठा झाला असेल तर विशेषच.

कॅनडातला क्वेबेक हा प्रांत याचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण. १९५० च्या दशकात तिथं दर आठवड्याला चर्चला जाणाऱ्या कॅथलिकांचं प्रमाण ८० टक्क्यांच्या वर होतं. शाळा चर्चच्या, रुग्णालयं चर्चची, अनाथाश्रम चर्चचे. १९६० नंतर सरकारनं ही कामं एकेक करून आपल्याकडे घेतली, १९६४ मध्ये प्रांताचं शिक्षण खातं उभं राहिलं. एका पिढीत चर्च ओस पडले. कुणी चर्चवर बंदी घातली नव्हती. ज्या कामांसाठी माणूस आठवड्यातून चार वेळा त्या दारातून आत जायचा, ती कामं दुसऱ्या दारात गेली. उरली ती फक्त उपासना, आणि एकट्या उपासनेच्या बळावर माणूस येत नाही, हे तेव्हा कळलं.

वेळेचंही तसंच. अमेरिकेत पूर्वी बऱ्याच राज्यांत रविवारी दुकानं बंद ठेवण्याचे कायदे होते. ते वेगवेगळ्या राज्यांत वेगवेगळ्या वर्षी रद्द झाले, त्यामुळे तुलना करणं सोपं झालं. जोनाथन ग्रुबर आणि डॅनियल हंगरमन या अर्थशास्त्रज्ञांनी २००८ मध्ये दाखवलं की कायदा रद्द झाल्यावर चर्चमधली हजेरी आणि देणग्या दोन्ही घटल्या. लोकांचा देवावरचा विश्वास त्या वर्षी उडाला म्हणून नव्हे. रविवार सकाळ आता रिकामी राहिली नव्हती. आजच्या तरुणाची तर कोणतीच सकाळ रिकामी नाही: शिफ्ट, क्लास, प्रवास, आणि खिशातल्या फोनवर कधीच न संपणारं काहीतरी.

विज्ञान आणि शिक्षणाबद्दल मी मुद्दामच थोडक्यात लिहितो, कारण त्यांना नको इतकं श्रेय दिलं जातं. शिक्षणाचा परिणाम होतो. कॅनडातल्या सक्तीच्या शालेय शिक्षणाच्या कायद्यांवरून हंगरमन यांनीच दाखवलं की शाळेचं एक वर्ष वाढलं की मोठेपणी ‘मला धर्म नाही’ म्हणण्याची शक्यता सुमारे चार टक्के अंकांनी वाढते. पण अमेरिकेत पदवीधर ख्रिश्चन चर्चला जाण्यात कमी शिकलेल्या ख्रिश्चनांच्या मागे नाहीत. उत्क्रांतीचा धडा वाचून श्रद्धा सोडलेली माणसं आहेत, आणि तोच धडा शिकवून संध्याकाळी प्रार्थनेला जाणारे शिक्षकही आहेत. इंटरनेटचंही असंच. त्यानं वेग दिला असेल, एकटं वाटणाऱ्या शंकेखोराला सोबती मिळवून दिले असतील. पण ब्रिटनमधली घसरण इंटरनेटच्या कित्येक दशकं आधीपासून चालू आहे.

जिथं खरंच सोडला

ठरवून, रागानं, दुखावून धर्म सोडणारेही आहेत, आणि त्यांचं दुखणं खरं आहे. आयर्लंडमध्ये चर्चच्या संस्थांत मुलांवर झालेल्या अत्याचारांचे चौकशी अहवाल २००९ मध्ये बाहेर आले. त्यानंतर त्याच देशानं सार्वमतानं २०१५ मध्ये समलिंगी विवाहाला आणि २०१८ मध्ये गर्भपातावरची घटनात्मक बंदी उठवायला कौल दिला. जनगणनेत स्वतःला कॅथलिक म्हणवणारे २०१६ मध्ये ७८ टक्के होते, २०२२ मध्ये ६९ टक्के राहिले. सहा वर्षांत इतकी घट नुसत्या पिढीबदलानं होत नाही.

अमेरिकेत कारण राजकीय होतं. मायकेल हाउट आणि क्लॉड फिशर यांनी २००२ मध्ये दाखवलं की १९९० च्या दशकात ‘धर्म नाही’ म्हणणारे ७ टक्क्यांवरून १४ टक्के झाले, आणि ही वाढ उदारमतवादी आणि मधल्या विचारांच्या लोकांतच झाली. त्यांच्यातल्या बहुतेकांची देवावरची श्रद्धा शाबूत होती. पण ‘धार्मिक’ या शब्दाला एका राजकीय बाजूचा रंग चढला होता आणि त्यांना तो रंग अंगाला लावून घ्यायचा नव्हता. धर्माच्या नावानं राजकारण करणाऱ्या जगभरच्या सगळ्यांनी हे नीट वाचावं असं मला मनापासून वाटतं. तात्पुरता फायदा पक्षाला होतो. किंमत पुढच्या पिढीच्या श्रद्धेतून वसूल होते. पोलंडमध्ये चर्चची आणि सत्तेची जवळीक मोठी होती. प्यूच्या २०१८ च्या अहवालात तिथं दर आठवड्याला चर्चला जाणारे चाळिशीपुढचे लोक ५५ टक्के होते आणि चाळिशीच्या आतले २६ टक्के. पाहणीतल्या कुठल्याही देशात साप्ताहिक हजेरीतली पिढ्यांची दरी इतकी मोठी नव्हती.

मुलींचा मुद्दा इथंच येतो. पिढ्यान्‌पिढ्या धर्म घरात टिकवला तो प्रामुख्यानं बायकांनी. वही आजीची असते, आजोबांची क्वचितच. अमेरिकेतल्या ताज्या पाहणीत सगळ्यात तरुण गटात स्त्री-पुरुषांच्या धार्मिकतेतलं अंतर मोठ्यांच्या मानानं बरंच आटलेलं दिसतं. शिकलेल्या, कमावत्या मुलीला जिथं दुय्यम जागा मिळते, तिथं ती किती दिवस सगळ्यांच्या वाटचा नेम सांभाळेल? आणि तिनं नाही सांभाळला, तर वही पुढे कोण नेणार?

सगळीकडे असंच आहे का?

नाही. प्यूच्या त्याच २०१८ च्या अहवालात १०६ देश होते. त्यांपैकी ४६ देशांत चाळिशीच्या आतल्यांना धर्म कमी महत्त्वाचा वाटत होता. ५८ देशांत दोन पिढ्यांत फारसा फरक नव्हता. जॉर्जिया आणि घाना या दोन देशांत तरुणच जास्त धार्मिक होते. जॉर्जियातल्या म्हाताऱ्यांची उमेदीची वर्षं सोव्हिएत राजवटीत गेली, जिथं धर्म दडपलेला होता. त्यांची नातवंडं मात्र चर्च हीच देशाची ओळख मानणाऱ्या काळात वाढली. म्हणजे पिढीचा परिणामच, फक्त उलट्या दिशेनं.

भारतात प्यूनं २०१९-२० मध्ये सुमारे तीस हजार लोकांशी बोलून पाहणी केली. देव मानणारे ९७ टक्के निघाले, धर्म आयुष्यात फार महत्त्वाचा म्हणणारे ८४ टक्के, आणि तरुण-म्हाताऱ्यांत फरक अगदी थोडा. अरब देशांत ‘अरब बॅरोमीटर’च्या पाहणीत स्वतःला धार्मिक न म्हणवणारे २०१३ मध्ये ८ टक्के होते, २०१८-१९ मध्ये १३ टक्के झाले, तिशीच्या आतल्यांत १८ टक्के. जगभर मथळे आले. २०२१-२२ च्या फेरीत वारं फिरलं आणि तरुणच पुन्हा धर्माकडे सरकलेले दिसले.

समाजशास्त्रज्ञ पीटर बर्गर यांनी १९६८ मध्ये भाकीत केलं होतं की एकविसाव्या शतकात धार्मिक माणसं छोट्या छोट्या गटांत एकमेकांना धरून कशीबशी उरतील. १९९९ मध्ये त्यांनीच आपलं चुकलं असं उघड मान्य केलं. जगाच्या पातळीवर ‘कोणताच धर्म नाही’ असे लोक २०१० मध्ये २३.३ टक्के होते, २०२० मध्ये २४.२ टक्के. दहा वर्षांत जेमतेम एक टक्का. कारण साधं आहे. जिथं धर्म सुटतो आहे तिथं मुलंही कमी जन्मतात, आणि जिथं टिकून आहे तिथं जास्त.

अमेरिकेतली घसरणही २०२० च्या आसपासपासून थबकल्यासारखी दिसते आहे. पण तिथल्या १८ ते २४ वयाच्या मुलांत ४३ टक्के कोणत्याच धर्माचे नाहीत, आणि ७४ च्या पुढच्यांत ८० टक्के ख्रिश्चन आहेत. वरचा एक हजारांच्या गावाचा हिशोब आठवा. ही स्थिरता टिकायची असेल, तर आजच्या विशीतल्या मुलांनी वयाबरोबर जास्त धार्मिक व्हायला हवं, किंवा त्यांच्या मुलांनी त्यांच्यापेक्षा जास्त धार्मिक निघायला हवं. याआधीच्या दोन-तीन पिढ्यांत असं झालेलं नाही.

गेल्या महिन्यात माझ्या मुलीनं कपाट आवरताना ती वही काढली आणि एक ओळ वाचून दाखव म्हणाली. आजीचं अक्षर बारीक, त्यात शाई पसरलेली. दोन शब्द मला लागेनात. आम्ही आईला फोन लावला. तिनं ओळ तर सांगितलीच, पण पुढची अख्खी प्रार्थना न थांबता म्हटली. मुलगी फोन स्पीकरवर ठेवून शेवटपर्यंत ऐकत राहिली, आणि मग विचारलं, ‘आजी, तू हे रोज का म्हणत नाहीस?’ आई जरा वेळ काहीच बोलली नाही.